अक्कांचं फाटक

चालणाऱ्यांसाठी रस्ता बांधायचा आणि मग त्यावर चालणारा माणूस सोडून बाकी सगळ्यांची सोय लावायची, हे काम आमच्या समितीने जितक्या नेटाने केलं तितक्या नेटाने दुसरं काहीच केलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या समितीच्या कचेरीत मी आवक-जावक कारकून होतो आणि तिथून बाहेर पडलेला एकूण एक निर्लज्ज कागद माझ्या हस्ताक्षरात बाहेर पडलेला आहे. ती समिती आता उरलेली नाही, तिचं नावही मी घेत नाही. पण कुणी त्या दिवसांबद्दल गोड गोड बोलायला लागलं की अजून माझं डोकं सणकतं.

धुळ्यात पांझरेच्या काठाने, देवपूरच्या अंगाला, मोठ्या पुलापासून लहान पुलापर्यंत तो रस्ता होता. शहाबादी फरशीचा, एक बैलगाडी आरामात जाईल एवढा रुंद. नदीच्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा, दुसऱ्या बाजूला मातीची पट्टी आणि तिच्यावर समितीने लावलेली आणि समितीनेच वाळवलेली झाडं. सायकलवाले आणि पायी चालणारे यांच्यासाठी तो होता, असं दोन्ही टोकांना पाटीवर लिहिलेलं होतं. पाटीखाली मोटारसायकली उभ्या असत, त्यामुळे पाटी वाचायला वाकावं लागे.

ती पाटी रोज वाकून वाचणारं आणि मोटारसायकलवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस देवपुरात एकच होतं, ते म्हणजे माझ्या घरमालकीण अक्का.

मेहरूणहून ट्रंक आणि वळकटी घेऊन मी धुळ्याला रुजू झालो आणि खोली शोधत अक्कांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. उंच, काटक बाई. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे पुरुषी बूट, छातीशी पिनेने अडकवलेलं नर्सचं उलटं घड्याळ. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली, जिथे लोक खुर्ची मांडतात तिथे, दांड्याची काळी सायकल. अक्कांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. माझ्या चपला उचलून उलट्या करून बघितल्या.

"टाचा एकच बाजूले झिजेल शेत. वाकडा चालस तू," त्या अहिराणीत म्हणाल्या. मग मला पुरतं कळावं म्हणून पुस्तकी मराठीत सांगितलं, "रोज सकाळी माझ्याबरोबर नदीवर चालायचं. कबूल असेल तर खोली. लोळत पडणारा भाडेकरू मला नको."

मी कबूल झालो. नोकरी कुठे म्हणून त्यांनी विचारलं, मी समितीचं नाव सांगितलं, तशा त्या खो खो हसल्या. "म्हणजे आता माझे अर्ज घरातच द्यायचे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी कचेरीत कपाट उघडलं तर उत्तर न गेलेल्या त्यांच्या चार अर्जांचं एक बासन निघालं.

अक्कांनी तीस वर्षं दोंडाईच्याच्या आसपासच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून काढली होती. सायकलच्या कॅरिअरला लशीचा डबा बांधायचा, पातळाचा काचा मारायचा आणि निघायचं. सुरुवातीला पोरं मागे धावायची, म्हातारे थुंकायचे. पुढे त्याच म्हाताऱ्यांच्या सुना अडल्या तेव्हा बांधावर येऊन सायकलची वाट बघत उभे राहायचे. हे अक्का सांगत ते अभिमानाने नव्हे, रागाने सांगत. "तीस वर्षं पायाखालचा रस्ता मागितला, दिला नाही. आता शहरात येऊन फरशी मिळाली, तर तिच्यावर हे उंडगे फटफट्या घालतात."

फिरण्याची त्यांची रीत सगळ्या काठाला माहीत होती. घरातून निघताना सायकल बरोबर घ्यायची, पण तिच्यावर बसायचं नाही. हातात धरून लहान पुलापर्यंत चालत जायचं आणि परतताना तिच्यावर बसून यायचं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "अक्का, चालायचंच आहे तर सायकल नेता कशाला?"

"चालल्याशिवाय मला माणसं दिसत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि सायकलवर बसल्याशिवाय जेवण पचत नाही. तुझ्या कचेरीची काही हरकत?"

माणसं दिसतात म्हणजे काय, ते मला लवकरच कळलं. समोरून घामाघूम शेठजी येत असले की अक्का सायकल माझ्याकडे देत, शेठजींचं मनगट धरत आणि दुसऱ्या हाताने छातीवरचं घड्याळ उचलून नाडी मोजत. शेठजी बिचारे धोतराचा सोगा सावरत फरशीवर उभे. "एकशे दहा. हयू चाला शेठ, कोनी मांगे लागेल नही," असं सांगून सोडून देत. एका प्राध्यापकांना त्यांनी भर रस्त्यात जीभ काढायला लावली होती. ते प्राध्यापक त्यानंतर महिनाभर दुसऱ्या काठाने फिरले.

त्यांचा कायदा एका वाक्याचा होता. जे चालतं त्याला वाट द्यायची. म्हशी यायच्या, फरशीवर शेण टाकून जायच्या, अक्का काही बोलत नसत. एकदा एका मोटारसायकलवाल्याने म्हशीकडे बोट दाखवलं. अक्कांनी सायकल आडवी लावून त्याला अडवलेलं होतं.

"तिले काही बोलत नही तुम्ही, माले बोलतस!"

"म्हैस चालस," अक्का म्हणाल्या. "तुन्ही फटफटी चालस का? उतर खाले. हाई रस्ता चालनारासना शे."

"दोन मिन्टनं काम शे, अक्का."

"दोन मिन्टनाकरता आग्रा रोड बंद शे का?"

तो उतरला, शिव्या पुटपुटत गाडी ढकलत गेला आणि पन्नास पावलांवर पुन्हा बसून धूर सोडत पळाला. हे रोज. ते नव्या, वेगवान मोटारसायकलींचे दिवस होते आणि ज्याच्याकडे ती आली त्याला शहरातला हमरस्ता, आग्रा रोड, एकदम वर्ज्य झाला होता. आमच्या साहेबांचे, म्हणजे समितीच्या सचिवांचे, दोन पुतणे त्यातच होते. अर्ज कपाटात का पडून राहायचे, ते कळायला मला फार हुशारी लागली नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो त्याच्याकडे येतो. अक्कांचं छातीवरचं घड्याळ मागे पडायचं आणि ते दुरुस्त करणारा एक घड्याळजी होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा. त्याला सगळे भाऊ म्हणत. लहान पुलाच्या पलीकडे एका दुकानाच्या पायरीवर काचेची पेटी मांडून तो बसे. लहानपणी पोलिओने त्याचे दोन्ही पाय नेले होते. हाताने पायडल मारायची तीनचाकी होती त्याची. देवपुरातून दुकानापर्यंत पूर्वी त्याला आग्रा रोडने जावं लागे, आणि तिथला चढ ट्रकच्या गर्दीत हाताने काढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याचा थोरला भाऊ मागून ढकलायचा. नदीकाठचा रस्ता झाला आणि तो सपाट निघाला. पहिल्या दिवशी तो एकटा दुकानात पोचला, त्या दिवशी संध्याकाळी त्याने थोरल्याला सांगितलं, उद्यापासून तू तुझ्या कामाला जा.

मागून कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. मी नवा होतो, एकदा सहज पुढे झालो. तो गाडी थांबवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. मन्हा हात शेत ना." रागाने नाही, पण पुन्हा विचारू नये अशा आवाजात. अक्का त्याच्या शेजारून सायकल धरून चालत आणि दोघं सेलवरच्या घड्याळांना नावं ठेवत. "चावी देवानं काम नही, म्हनीसन लोके घड्याय उघडीसन देखतच नहीत," तो म्हणायचा. अक्का म्हणायच्या, माणसांचंही तसंच झालं आहे.

एका संध्याकाळी साहेबांच्या धाकट्या पुतण्याच्या गाडीने एका निवृत्त मास्तरांना उडवलं. गुडघा फुटला. अक्कांनी पदराचा काठ फाडून जागेवरच पट्टी बांधली, पुतण्याच्या गाडीची चावी काढून नदीत भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवा अर्ज लिहिला. त्यांचे अर्ज दवाखान्याच्या केसपेपरसारखे असत. तो मला अजून पाठ आहे. "रुग्ण: नदीकाठचा रस्ता. लक्षणे: फटफट्या, दोन्ही वेळा, संध्याकाळी अधिक. पूर्वेतिहास: चार अर्ज, गुण नाही. उपाय: दोन्ही तोंडांना लोखंडी वळणाचे फाटक बसवावे. चालणारा माणूस व हाती धरलेली सायकल जावी. इतर काहीही जाऊ नये." खाली आकृती. दोन कठडे एकमेकांच्या पुढेमागे, मधून वळून जायचं. रुंदी किती हवी ते त्यांनी स्वतः मोजलं. तान्ह्या बाळांची लांबी मोजायची फीत काढली, आपल्या सायकलचं हँडल मोजलं, त्यात चार बोटं मिळवली. फितीचं दुसरं टोक मी धरलं होतं.

मास्तरांचे जावई वर्तमानपत्रात होते म्हणा किंवा फाटकाला उद्घाटन करता येतं म्हणून म्हणा, हा अर्ज मात्र मंजूर झाला. फरशी उखडली तर तिच्या दुरुस्तीला फीत कापता येत नाही, फाटकाला येते. दोन महिन्यांत दोन्ही टोकांना हिरव्या रंगाची फाटकं उभी राहिली आणि शेजारच्या मातीच्या पट्टीवर विटांचा कठडा. साहेबांनी भाषणात लोकसहभाग हा शब्द अकरा वेळा वापरला. अक्कांनी काठावर भेटेल त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. त्या संध्याकाळी पांझरेच्या काठावर एकही फटफटी नव्हती आणि अक्का घरी येताना सायकलवर चक्क गाणं म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भाऊ त्याची तीनचाकी घेऊन मोठ्या पुलाजवळच्या फाटकाशी आला.

अक्का आणि मी तिथेच उभे होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना फाटकातून कसं वळायचं ते अक्का दाखवत होत्या. त्याने गाडी तोंडाशी आणली, थांबवली, मागे घेतली, तिरकी करून पुन्हा आणली. पुढचं चाक आत गेलं आणि मागची दोन्ही अडली. तालमीतून परतणारी दोन पोरं धावली. "उचलीसन देतस ना भाऊ, दोन मिन्टनं काम."

"आज उचलशात," तो म्हणाला. "सकाय? परवा? दिवसमा दोन टाइम?" मग अक्कांकडे वळून त्याने विचारलं, "अक्का, मन्ही गाडी काय फटफटी शे का?"

त्याने गाडी वळवली आणि घरी गेला, कारण आग्रा रोडवर ढकलणारा थोरला भाऊ आता दुसरीकडे कामाला होता. अक्का कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "मी त्याले गाडीवाला धरंच नही कधी. मी त्याले चालनारासमाच धरं." रोज शेजारून चालत जाणाऱ्या बाईला शेजारचा माणूस चाकांवर आहे याची आठवणच राहिली नव्हती. तिने सायकलचं हँडल मोजलं. मीही फीत धरून उभा होतो आणि मलाही आठवण झाली नव्हती.

त्याच दुपारी सहावा अर्ज आला. एक कठडा हातभर मागे घ्या, एवढंच मागणं होतं. साहेबांनी वाचला आणि मनसोक्त हसले. पुतण्याच्या चावीचा सूड आयताच चालून आला होता. "नाही म्हणून कळव," ते मला म्हणाले. मी लिहिलं: "आपल्याच अर्जान्वये व आपणच दिलेल्या मापानुसार फाटक बसविण्यात आले आहे. सबब त्यात बदल करणे शक्य नाही. अर्ज दप्तरी दाखल." साहेबांनी मसुदा वाचून माझी पाठ थोपटली. तेवीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची होती, आणि आपण फार चटपटीत लिहितो असं मला वाटायचं. मला तो मसुदा आवडला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

पत्र टपालाने गेलं आणि दोन दिवसांनी मी राहत होतो त्याच घरात पोचलं. अक्कांनी चष्मा लावून वाचलं. "हाई तू लिखं?"

"साहेबांनी सांगितलं, अक्का."

"'आपणच' साहेबनी सांगं?"

त्यांनी पत्राची घडी केली, डब्यात ठेवली आणि माझ्यापुढे नेहमीसारखा चहा ठेवला. घालून पाडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं ऐका. पंधरा दिवसांच्या आत मोटारसायकलवाल्यांनी फाटकाशेजारचा कठडा फोडला, त्याच विटांचा आणि मातीचा उतार केला आणि त्यावरून गाड्या उडवत आत यायला लागले. त्या ढिगावरून फटफटी चढायची. तीनचाकी चढणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्यांना अडवायला फाटक लावलं ते सगळे आत आणि सगळ्या धुळे शहरात त्या फाटकाने अडवलेला माणूस फक्त एक. मी साहेबांना हे तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "कठडा फोडल्याचा लेखी अर्ज आला आहे का?" अक्कांनी तोही दिला, त्यानंतर आणखी चार दिले. मी प्रत्येकावर आवक शिक्का मारला. आपण काय करतो आहोत हे कळत असताना मारला.

मग एक दिवस अक्का नदीवर गेल्याच नाहीत. मी बूट घालून दारात उभा, त्या सायकल घेऊन निघाल्या आणि उलट्या बाजूला वळल्या. "जठे तो जात नही, तठे मी जात नही," एवढंच म्हणाल्या. भाऊच्या दारात गेल्या आणि त्याला म्हणाल्या, चल, आग्रा रोडने जाऊ. ढकलणार नाही, शेजारून चालेन. ट्रकांना मी बघते.

त्या दिवसापासून ही वरात रोज दोनदा निघू लागली. डाव्या कडेला भाऊची तीनचाकी, तिच्या उजव्या अंगाला, म्हणजे ट्रकांच्या अंगाला, सायकल हातात धरून अक्का. चढ आला की त्याचे हात थांबत, दोघं उभी राहत, मागे ट्रकांची रांग लागे, आणि अक्का मागे वळून घंटी वाजवत ड्रायव्हरांना अहिराणीत अशी काही सुनावत की पंजाबचे ड्रायव्हरसुद्धा समजून घेत. पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासाचा झाला. भाऊची सकाळची गिऱ्हाइकं तुटली. एकदा ट्रकचा आरसा अक्कांच्या कोपराला लागला, त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःच पट्टी बांधली आणि संध्याकाळी त्याला आणायला गेल्या. मी या वरातीत जात नव्हतो. मला कचेरीला उशीर होईल असं मी सांगितलं होतं. कचेरी अकराची होती.

सहा महिन्यांनी समितीने काठावर वृक्षारोपण ठरवलं. मोठे पाहुणे येणार होते. खड्डा रस्त्याच्या मध्यावर खणला होता आणि पाहुण्यांना तिथपर्यंत चालवायचं कसं, यावर साहेबांनी बैठक घेतली. निर्णय असा झाला की मोठ्या पुलाजवळचं फाटक काढायचं. जे करणं शक्य नाही असं मी लेखी कळवलं होतं ते मिस्त्रीने पाना लावून वीस मिनिटांत केलं. चार नटबोल्ट होते! सहा महिने एका माणसाचा जन्म अडवून धरलेला, तो चार नटबोल्टांनी! मी तिथे हजर होतो, मी मोजले.

घरी येऊन मी अक्कांना सांगितलं, फाटक काढलंय, उद्या सकाळी वाट मोकळी असेल. का सांगितलं? मन खात होतं म्हणून. सकाळी भाऊ आणि त्या फाटकाच्या उघड्या जागेतून सरळ आत शिरले. मी समितीच्या लोकांबरोबर पुलाशी उभा होतो. भाऊ रस्त्याच्या मधोमध गाडी चालवत होता, कितीतरी दिवसांनी फरशीवर, अजिबात घाई न करता. अक्का शेजारी.

आणि पाहुणे वेळेआधी आले. पांढरी गाडी आत वळली आणि दोनशे पावलांवर या दोघांच्या मागे अडकली. हॉर्न वाजला. अक्कांनी मान वळवली नाही. पुन्हा वाजला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाजूला कर त्यांना. तुझीच घरमालकीण ना?"

मी धावत गेलो. "अक्का, मागे पाहुणे आहेत. जरा बाजूला घ्या."

"त्यासले सांग, उतरा आनि चाला," अक्का पुढे बघतच म्हणाल्या. "चालनाराले कोनी आडवत नही आठे."

"अक्का, माझी नोकरी जाईल."

भाऊने गाडी थांबवली. तो बहुतेक बाजूला घेणारच होता, माझ्यासाठी. मी तेवढाही दम धरला नाही. मागून हॉर्न वाजला आणि मी त्याच्या गाडीच्या पाठीला दोन्ही हात लावून जोरात ढकललं. गाडी फरशीवरून मातीच्या पट्टीत गेली. झाडांसाठी कालच पाणी सोडलं होतं, चिखल होता. पुढचं चाक रुतलं आणि तो पुढच्या दांड्यावर आपटला. पांढरी गाडी निघून गेली. मागच्या जीपमधून साहेब म्हणाले, "शाब्बास."

मी चाक काढायला वाकलो. "हात नका लावू," भाऊ म्हणाला. ओठ फुटला होता त्याचा. अक्काही पुढे झाल्या नाहीत, त्याला खपणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्याने पायडल उलटं-सुलटं फिरवत, फरशीच्या कडेला हात रेटत, दहा-बारा मिनिटांत गाडी स्वतः फरशीवर काढली. आम्ही दोघं नुसते उभे. तिकडे खड्ड्याशी टाळ्या चालल्या होत्या. मग तो लहान पुलाकडे गेला, अक्का त्याच्या शेजारून गेल्या, आणि त्या बाजूचं फाटक काढलेलं नव्हतं म्हणून दोघं परत फिरून आग्रा रोडला लागली. माझ्यासमोरून गेली.

दुपारी मिस्त्रीने फाटक पुन्हा बसवलं. साहेबांच्या हुकमावरून या खेपेला नटांना वेल्डिंग मारलं.

संध्याकाळी मी ट्रंक भरायला घेतली होती. आता इथे राहण्यात अर्थ नाही, हे माझं मी ठरवून टाकलं होतं. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"फाटक मी लावं," त्या म्हणाल्या. "कागद तू लिखा. ढकलं बी तूच. त्यानी काय कयं?"

मी म्हणालो, "अक्का, मी चुकलो."

"ते माले ठाऊक शे. ट्रंक ठेव खाले. सकाय साडेनऊले आग्रा रोडवर येवानं. ट्रकसना अंगले तू चालशी. मन्हा कोपर दुखस."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला भाऊच्या दाराशी उभा होतो. त्याने मला बघितलं, अक्कांकडे बघितलं आणि गाडी काढली. ओठावर टाका होता. अक्का मागे, सायकल धरून. मी ट्रकांच्या अंगाला.

चढ लागला. अर्ध्यावर त्याचे हात थांबले. माझे हात आपोआप पुढे झाले, त्याने नुसतं वळून पाहिलं, आणि मी ते मागे घेतले. तो मान खाली घालून धापा टाकत होता. मागे करकचून ब्रेक लागला आणि ट्रकचा हॉर्न असा वाजला की कानठळ्या बसल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाजला. अक्का वळायच्या आत मी रस्त्याच्या मध्ये गेलो, ट्रकच्या नाकावर थाप मारली आणि जन्मात कधी ओरडलो नव्हतो तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "थांब की! माणूस दम घेतोय, दिसत नाही?"

हॉर्न थांबला. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत राहिला. भाऊने हात धोतराला पुसले, पायडलची पकड बदलली आणि गाडी पुढे घेतली. तो ट्रक आमच्या मागून, आमच्या चालीने, पुलापर्यंत आला.